मोबाईल फुटबॉल : कार्डं भारी, तरी टीम हरते. टीम बांधायची कशी?

दाभोळखाडी

गणपतीला अजून पाच आठवडे आहेत, म्हणून वेळेत धागा काढतोय. आमच्या वाडीत गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटपली की आमच्याच पडवीत ईफुटबॉल ह्या मोबाईल गेमचे सामने लागतात. सोळा जण असतात, निम्मे गावातले, निम्मे मुंबई-ठाण्याहून आलेले. बक्षीस म्हणजे एक छोटी ढाल. जिंकणाऱ्याच्या घरी ती वर्षभर टीव्हीशेजारी राहते. गेली तीन वर्षं ती माझ्या चुलतभावाकडे आहे, आणि तिन्ही वर्षं मी त्याच्याकडूनच हरलोय.

ह्या खेळाला पेस म्हणायचे तेव्हापासून मी तो खेळतो. २०२२च्या जूनमध्ये मोबाईलवर त्याचा ईफुटबॉल झाला तेव्हा सगळ्यांनी टीम नव्याने उभ्या केल्या, भावाने आणि मीही. आज माझी टीम स्ट्रेंथ ३१००च्या वर आहे. त्याची २९००च्या आसपास. त्याने खेळावर एक रुपया घातलेला नाही.

माझी मांडणी ४-३-३. पुढे तिघेही एपिक (इथे प्रत्येक खेळाडू एक कार्ड, त्यातली ही दुर्मिळ आणि भारी). मध्ये एक ऑर्केस्ट्रेटर (खालून पास वाटणारा), एक होल प्लेयर (पुढे फटीत घुसणारा) आणि डीएमएफच्या (बचावाच्या पुढच्या मिडफिल्डरच्या) जागी बॉक्स-टू-बॉक्स, कारण माझ्याकडच्यांत त्याचं रेटिंग सगळ्यात जास्त. टीमची शैली पझेशन गेम, म्हणजे छोटे पास देत बॉल आपल्याकडे ठेवायचा.

गेल्या वर्षीचा गोल अजून डोळ्यांसमोर आहे. ८६वं मिनिट, बरोबरी. बॉल माझ्याकडे, उजव्या बाजूला. पास तुटला. भावाने एकच सरळ पास दिला, मधल्या वर्तुळाच्या जरा पुढे. तिथे माझं कोणीच नव्हतं. त्याचा गोल पोचर (गोलासाठी टपलेला स्ट्रायकर) दोन सीबींच्या (मधल्या बचावपटूंच्या) मधून एकटा निघाला. रीप्ले चालू असताना मी माझा डीएमएफ शोधत होतो, तो समोरच्या पेनल्टी बॉक्सच्या कडेला उभा होता. क्लिप खाली जोडली आहे.

कोणता खेळाडू घेऊ ते सांगा. जीपी (खेळून मिळणारे पॉइंट) बरेच साठलेत.

आजोळ_देवगड

खेळाडू घेण्याआधी तीन गोष्टी सांग. मॅनेजरच्या पझेशन गेमसमोर आकडा किती? दोन्ही फुलबॅकची (कडेच्या बचावपटूंची) शैली काय? इंडिव्हिज्युअल इन्स्ट्रक्शन (एकेका खेळाडूला वेगळी सूचना) कोणाला दिल्या आहेत?

दाभोळखाडी

मॅनेजर : पझेशन ७०, क्विक काउंटर ८६. फुलबॅक दोन्ही ऑफेन्सिव्ह. इन्स्ट्रक्शन कोणालाच नाहीत.

आजोळ_देवगड

मग ८६व्या मिनिटाचा गोल तू मॅच सुरू व्हायच्या आधीच खाल्ला होतास. जरा लांबलचक लिहिते, कारण ह्याच चुका मी दोन वर्षं केल्या आहेत.

पहिलं मॅनेजर. प्रत्येक मॅनेजरच्या पाच शैलींसमोर पाच आकडे असतात : पझेशन गेम, क्विक काउंटर, लाँग बॉल काउंटर, आउट वाइड, लाँग बॉल. ज्या शैलीचा आकडा खाली, ती लावली की खेळाडूंच्या अंगातलं सगळं मैदानात उतरत नाही. तू ८६ची शैली घरात ठेवून ७०ची खेळतोयस. कार्डावर पैसे घातलेस आणि त्यातलं बरंचसं इथेच सांडलंस. पझेशनच आवडत असेल तर जीपी त्यासाठी वापर आणि तसा मॅनेजर आण. नाहीतर आहे त्यालाच क्विक काउंटर खेळू दे. मधलं काही नको.

दुसरं, डीएमएफ. रेटिंग बघून जागा भरायची सवय सोड. बॉक्स-टू-बॉक्स हा खेळाडू वाईट नाही, पण त्याचं कामच दोन्ही बॉक्समध्ये धावायचं. बॉल आपल्याकडे आला की तो वर जाणार. तो चुकला नाही, तू त्याला चुकीच्या जागी उभा केलास. तिथे अँकर मॅन हवा. अँकर मॅनची शैली फक्त डीएमएफच्या जागी चालू होते आणि तो सीबींच्या पुढचा तुकडा सोडत नाही. शैली आणि जागा जुळते का हे प्रत्येक खेळाडूचं तपास. होल प्लेयरला डीएमएफमध्ये टाकलं तर त्याची शैली बंदच पडते, मग उरतो नुसता आकडा.

तिसरं, दोन्ही ऑफेन्सिव्ह फुलबॅक. दोघेही वर गेले आणि डीएमएफही वर गेला, तर मागे दोनच माणसं. दोनच माणसांत भाऊ सरळ पास देणार नाही तर काय करणार? एका बाजूला डिफेन्सिव्ह फुलबॅक घे. नसेल तर आहे त्यालाच डिफेन्सिव्ह ही इन्स्ट्रक्शन दे. आक्रमणाच्या दोन आणि बचावाच्या दोन अशा चार इन्स्ट्रक्शन फुकट मिळतात आणि तू एकही वापरलेली नाहीस.

चाकरमानी_लांजा

फोन कोणता? पडवीत रेंज किती? आमच्याकडे पावसात टॉवर गेला की अर्धा अर्धा दिवस येत नाही. फ्रेंड मॅच एकाच हॉटस्पॉटवर खेळता का?

दाभोळखाडी

पडवीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात दोन दांड्या येतात, बाकी घरात शून्य. सगळे त्याच कोपऱ्यात बसतो. लाईट गेली तर पॉवर बँक आहेत. दोघांनाही तोच त्रास होतो, त्यामुळे हरण्याचं कारण ते नाही.

चाकरमानी_लांजा

बरोबर, पण ग्राफिक्स खाली आण आणि फ्रेम रेट वर ठेव. गवताची पाती सुंदर दिसून पास लवकर जात नाही. फोन तापला की सगळ्यात आधी स्विचचं (खेळाडू बदलायचं) बटण उशिरा लागतं, बचाव करताना ते जीवघेणं. आणि अंगठ्याला थोडी टाल्कम पावडर लाव. भाद्रपदातल्या दमटपणात काच ओली होते, डॅश दाबायला जातो आणि भलतंच दाबलं जातं. हे मी खरंच करतो.

घाटावरचा_शाहूपुरी

कोल्हापूरचा आहे, पण आजोळ राजापूर, म्हणून लिहायचा हक्क घेतो. आमच्याकडे फुटबॉल पेठापेठांत आणि तालमी-तालमींत वाटलेलं आहे. शाहू स्टेडियमवर लहानपणापासून सामने बघितलेत. तिथे म्हातारी माणसं गोल मारणाऱ्याचं कौतुक करताना कमी दिसतील. ‘तो मधला बघ’ हे मात्र हमखास ऐकू येईल.

देवगडच्या ताईंनी अँकर मॅनचं सांगितलं त्याला खऱ्या फुटबॉलमधला दाखला देतो. २००३च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात क्लोद माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिलं. झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल, बेकहॅम, सगळे एकाच संघात. कार्डांच्या हिशोबात सांगायचं तर सगळी जागा एपिकने भरली. पुढचा मोसम त्यांनी चौथ्या क्रमांकावर संपवला, शेवटचे पाच लीग सामने ओळीने हरले. पुढचं विजेतेपद २००६-०७ला. इकडे माकेलेले गेला त्या चेल्सीने २००४-०५मध्ये अख्ख्या लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले आणि ९५ गुणांनी लीग जिंकली. त्यात एकट्या माकेलेलेचा हात होता असं मी म्हणणार नाही, मागे टेरी होता, गोलात चेक होता. पण जो माणूस गोल मारत नाही त्याची जागा रिकामी पडली की काय होतं ते दोनच मोसमांत दोन्ही बाजूंनी दिसलं.

तुझा बॉक्स-टू-बॉक्स विकू नकोस. सीएमएफमध्ये (मैदानाच्या मधल्या जागी) आण. होल प्लेयर बाकावर, दुसऱ्या हाफला उतरवायला.

दाभोळखाडी

होल प्लेयरला बाहेर ठेवायचं मन होत नाही. त्याच्यासाठी मी एका महिन्यात दोन हजार रुपये घातले होते. घरी कोणाला सांगितलेलं नाही.

तळकोकण_एक

ह्यावर मला मनापासून लिहायचंय. चिठ्ठी काढून कार्ड मिळतं त्या नेहमीच्या पेट्यांत दीडशे कार्डं असतात आणि त्यात एपिक तीन. म्हणजे पहिल्या चिठ्ठीला दोन टक्के. दहा चिठ्ठ्या काढल्या तरी एखादा एपिक हाती लागायची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास, पाचातल्या चार वेळा हात रिकामाच. आणि एपिक मिळाला तरी तो तुला हव्या त्या जागेचा असेल याची खात्री नाही. तीनही पुढचेच निघाले तर डीएमएफ तसाच रिकामा.

मी काजूच्या बीच्या हंगामात मिळालेले पैसे एकदा असे घातले आहेत. त्यानंतर नियम केला : आधी जागा ठरवायची, मग त्या जागेचा स्टँडर्ड खेळाडू जीपीने घ्यायचा, त्याला वीस सामने खेळवायचा, आणि त्याच्या पलीकडचं काही लागतंय असं वाटलं तरच दुसरा बघायचा. माझा डीएमएफ आजही जीपीने घेतलेला साधा खेळाडू आहे. दोन हजार गेले ते गेले, त्या दोन हजारांसाठी त्याला खेळवू नकोस.

आजोळ_देवगड

आणि लेव्हल वाढवताना ऑटो दाबू नकोस. ऑटो रेटिंग फुगवण्याच्या बाजूने गुण वाटतं. अँकर मॅनला आधी डिफेंडिंग दे, त्यात डिफेन्सिव्ह अवेअरनेस, टॅकलिंग, अग्रेशन सगळं एकदम वाढतं. मग लोअर बॉडी स्ट्रेंथ. नावावरून नुसती ताकद वाटते, पण वेग आणि स्टॅमिना तिथूनच येतात. ऐंशीव्या मिनिटाला तोच कामाला येतो. शूटिंगमध्ये एक गुणही नको.

रापणकर_मालवण

दाभोळखाडी, तुझो व्हिडिओ मी तीनदा बघलंय. तुझे दोघव सीबी एका लायनीत नाय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साधं लिहितो.

आम्ही रापण ओढतो. नारळी पौर्णिमा झाली की सुरुवात. होडीतून जाळं अर्ध्या गोलात समुद्रात सोडत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. एका दोरावर वीस माणसं, दुसऱ्यावर वीस. मग ओढायचं, आणि ओढत ओढत दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे सरकायचं. एक बाजू जोरात आली आणि दुसरी मागे राहिली तर जाळं वाकडं होतं, म्हावरं त्या वाकड्या कडेने सरकत जातं आणि निसटतं. खालचा दोर वाळूवरून उचलला गेला तरी तेच, खालून जातं. पोरगा कितीही ताकदवान असो, त्याने एकट्याने दोर खेचला तर म्हातारे ओरडतात. सगळे एकदम.

आता तुझा व्हिडिओ. पास तुटला तेव्हा तू काय केलंस बघ. प्रेशरचं बटण दाबून धरलंस. त्याने जवळचा सीबी जागा सोडून बॉलवर धावला. दुसरा सीबी मागेच. झालं जाळं वाकडं, आणि गोल पोचर त्या कडेनेच गेला. तुझा डीएमएफ वर होता हे खरं, पण तो जागेवर असता तरी तू सीबीला बाहेर ओढलंच असतंस.

सीबी स्वतःच्या हातात घेऊ नकोस. स्विच करून डीएमएफ घे, त्याला मॅच-अपवर (समोर उभं राहून अडवायच्या बटणावर) आडवा आडवा सरकव, समोरच्याला वेळ घेऊ दे. तो थांबला की तुझे बाकीचे परत येतात. बॉल काढायची घाई करायची नाही, वाट अडवायची. माझ्याकडे चांगलं कार्ड एकही नाय, पण गोल कमी खातो.

बांदा_पेडणे

रापणकरांशी बचावाबाबत शंभर टक्के सहमत. पण पझेशन गेमच्या नादाला लागू नये हे माझं स्पष्ट मत आहे. हद्दीवरचा असल्यामुळे अर्धं बालपण गोव्यातल्या मैदानांच्या कडेला गेलं, धेंपो क्लबने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग घेतली तो काळ जवळून बघितला. छोटे पास बघायला सुंदर असतात. मोबाईलवर, दोन दांड्यांच्या रेंजवर, दहा पास सलग द्यायचे म्हणजे दहा वेळा चुकायची संधी.

२०१५-१६चं इंग्लंडचं लेस्टर घ्या. सरळ ४-४-२, बॉल बहुतेक वेळ समोरच्याकडे. कांटे बॉल काढायचा, माहरेझ किंवा ड्रिंकवॉटर पहिला पास पुढे द्यायचा, वार्डी पळायचा. वार्डीने त्या मोसमात ओळीने अकरा लीग सामन्यांत गोल मारले. ८१ गुण, दहा गुणांच्या फरकाने लीग. क्विक काउंटर म्हणजे हेच, आणि ह्याच्या मॅनेजरला ८६ आहेच. पुढच्या एकाला काउंटर टार्गेट द्या, म्हणजे बचावाच्या वेळी तो खाली उतरत नाही आणि पहिला पास द्यायला माणूस सापडतो.

आजोळ_देवगड

क्विक काउंटरमध्ये बॉल गेल्यावर टीम वरच दाबायला धावते, हेही सांगा ना. अँकर मॅन नसेल तर मागचं मैदान आणखीच उघडं पडतं. सीबी वेगवान लागतात. दाभोळखाडीचे सीबी उंच आहेत, वेगवान नाहीत.

बांदा_पेडणे

मान्य. सीबींत डिस्ट्रॉयर शैलीचा एकही नको, तोही पुढे धावतो. दोघेही मागे थांबणारे घ्यावेत, निदान एक तरी वेगवान.

दाभोळखाडी

बारा दिवसांनी लिहितोय. मध्ये आठ दिवस पाऊस एवढा होता की घराबाहेर पडता आलं नाही, त्यामुळे खेळणं भरपूर झालं.

मॅनेजर तोच, शैली क्विक काउंटर केली. ८.३० वाजता वडील आरतीची पेटी काढून सराव करतात, त्यांच्या आवाजात बसून सामने खेळलो. अँकर मॅन जीपीने घेतला. नाव सांगितलं तर तुम्ही विचाराल हा कोण, इतका साधा. डिफेंडिंग आणि लोअर बॉडी स्ट्रेंथ वाढवली. डाव्या फुलबॅकला डिफेन्सिव्ह दिलं. होल प्लेयर बाकावर गेला, दोन दिवस वाईट वाटलं.

पहिल्या सात सामन्यांत पाच हरलो. समजेना. मग क्लिप परत बघितल्या तेव्हा दिसलं की अंगठा अजून जुनाच आहे, बॉल गेला की आपोआप प्रेशर. म्हणून एक दिवस ठरवलं, प्रेशरचं बटण संपूर्ण दिवस दाबायचंच नाही, गोल पडले तर पडले. त्या दिवशी डीएमएफ हातात घेऊन आडवं सरकणं जमायला लागलं. समोरचा बॉल घेऊन बॉक्सच्या बाहेर येतो, थांबतो, डावीकडे देतो, परत घेतो, आणि शेवटी कंटाळून मारतो. ते फटके माझा गोलकीपर सहज धरतो. पुढच्या वीस सामन्यांत तेरा जिंकलो, चार बरोबरीत. डिव्हिजन ५ वरून ३ला आलो.

एक शंका. अँकर मॅनचा कंडिशनचा (त्या दिवशीच्या फॉर्मचा) बाण खाली असला तर त्याला काढू का?

तळकोकण_एक

एक पायरी खाली असेल तर ठेव. पार तळाला असेल तर काढ, पण बदलीही अँकर मॅनच. त्या जागेला बाकावर दुसरा माणूस असायलाच हवा. पुढच्यांची बदली सगळे ठेवतात, ह्या जागेची कोणी ठेवत नाही.

घाटावरचा_शाहूपुरी

आणि रोज टीम बदलू नकोस. हा पास दिला की हा कुठे पळेल, हे अंगठ्याला माहीत व्हायला तेच अकरा जण लागतात. आता गणपतीपर्यंत मार्केटकडे बघूच नकोस.

दाभोळखाडी

सामने झाले. भावाबरोबर सेमीफायनलला पडलो. १-० जिंकलो.

गोल ३१व्या मिनिटाला. अँकर मॅनने बॉल काढला, सीएमएफला दोन पावलांचा पास, तिथून सरळ काउंटर टार्गेटकडे. नंतर साठ मिनिटं भावाने सगळं करून बघितलं. ८०व्या मिनिटाच्या पुढे पडवीत सगळे माझ्या मागे उभे, काकू मोदकांचं ताट घेऊन उभी, कोणी हात लावेना. त्याने तोच पास दिला, मधल्या वर्तुळाच्या जरा पुढे. ह्या वेळी तिथे माझा माणूस उभा होता. पळतसुद्धा नव्हता, नुसता उभा. बॉल त्याच्या पायावर आला. भावाने फोन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हा कधी घेतलास?’

फायनल हरलो. वरच्या वाडीतली नववीतली एक मुलगी, मागे पाच बचावपटू, लाँग बॉल. वर एक उंच टार्गेट मॅन. माझ्या काउंटरला जागाच मिळेना, कारण तिचे पाचही जण कधी वर आलेच नाहीत. नव्वद मिनिटं ०-०, पेनल्टीत गेली. ढाल वरच्या वाडीत आहे. भाऊ आणि मी दोघेही आज सकाळपासून तिच्या क्लिप बघत बसलोय.

पाच जण मागे बसले तर क्विक काउंटरने करायचं काय?

बांदा_पेडणे

अभिनंदन, सेमीफायनलसाठी. पाच मागे असले की मधून जाऊ नकोस. तिचे विंगबॅक बॉक्समध्येच बसतात का ते बघ. बसत असतील तर कडा मोकळी आहे. क्रॉस स्पेशलिस्ट (कडेवरून बॉक्समध्ये बॉल टाकणारा) आहे का तुझ्याकडे?

रापणकर_मालवण

आणि तो होल प्लेयर आता काढ बाकावरून. असल्या सामन्यात तोच लागतो, सीबी आणि मधल्या फळीच्या मधल्या फटीत. साठाव्या मिनिटाला. बॉक्स-टू-बॉक्सच्या जागी, अँकर मॅनच्या जागी नको.

आजोळ_देवगड

तिचा टार्गेट मॅन किती उंच? तुझ्या उंच सीबींपैकी एकाला त्याच्यावर मॅन मार्किंग दे. लाँग बॉल तिथेच पडतो. क्लिप टाक, बघते.

दाभोळखाडी

क्लिप आज रात्री टाकतो. कोपऱ्यात पाहुणे झोपलेत, ते उठले की रेंज मिळेल.